दुसऱ्याच्या लेकराची थाळी

धम्मशीलाबाईचा मला पहिल्या दिवसापासून राग येत आला आहे, आणि आज हे लिहायला बसले तरी तो पुरता उतरलेला नाही. एखादं माणूस काहीतरी करतं म्हणून आपल्याला त्याचा राग येतो. ही बाई काही करत नाही म्हणून मला राग येतो. आपलं निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन येते, बाळंतिणीच्या खाटेला लावून ठेवते आणि त्याच्यावर बसते. मी फिरत्या नाटक कंपनीत उमेदीची सगळी वर्षं काढली. रंगमंचावर नुसतं बसून राहायचं असलं तरी आम्ही काही ना काही करायचो. पदर सावरायचो, उसासा टाकायचो, निदान पानाचा डबा उघडून मिटायचो. प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं असायचं. हिचं बसणं बघावं तर भिंतीला टेकून ठेवलेल्या पोत्यासारखं.

मानवतला मोंढ्याच्या मागच्या अंगाला तिचं घर आहे. नवरा सिद्धोधन पूर्वी पाथरीच्या रस्त्यावर जीप चालवायचा. आता तो मोटारसायकल चालवतो, मागे ही बसलेली असते आणि हिच्या मांडीवर ते स्टूल असतं. पाय वर केलेल्या स्टुलाआडून अर्धाच चेहरा दिसतो, तरी सारं गाव ओळखतं आणि विचारतं, "आज कुणाकडं?" मुलगा बुद्धभूषण शिक्षक आहे. त्याला आईचं हे काम पसंत नाही. घरी बसून आराम कर म्हणतो. ती म्हणते, "बसलेलीच तर असते रे मी."

आधी ती शाळेत खिचडी शिजवायची. मग कुठलीशी संस्था आली, तिनं गावोगावच्या चारदोन बायकांना बाळंतपणाच्या वेळी सोबत कशी करायची ते शिकवलं. संस्था निघून गेली, बाकीच्या बायका आपापल्या कामाला लागल्या, ही मात्र तेच करत राहिली. ती सुईण नाही, नर्स नाही, मालिश करणारी नाही. लेकराला हातसुद्धा लावत नाही फारसा. कुणी विचारलंच तर "मी सोबतीला असते" एवढं सांगते आणि लाडू उचलते. शहरात अशा बाईला डुला म्हणतात, हे मला माझ्या नातीनं, ईश्वरीनं सांगितलं.

ईश्वरी माझ्या अवधूतची एकुलती एक लेक. ती शाळेत असतानाच तिची आई गेली आणि तिला मी वाढवलं. लग्न होऊन ती गंगाखेडला गेली. जावई परमेश्वर साखर कारखान्यात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठवा लागताच ती आली. मी डिंक आणला, अळीव आणले, खारका कुटून ठेवल्या, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली. सगळी तयारी झाल्यावर बाईसाहेब मला सांगतात, "आजी, दवाखान्यात माझ्यासोबत धम्मशीलाकाकू येणार आहेत. आत एकीलाच सोडतात."

"आणि मी काय मेले?"

"तसं नाही गं."

"मग कसं? आई नाही तुला, पण आजी धडधाकट आहे ना? सोबत मला करता येत नाही?"

पोरगी म्हणाली, "तू सोबत करत नाहीस आजी. तू प्रवेश करतेस."

अवधूत जेवत होता. त्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. माझ्या पोटचा मुलगा!

पुढं ती बाई बाळंतपणाआधी एकदा घरी आली. "जय भीम, आजी," म्हणाली, स्टूल टेकवलं, बसली. मी चहा केला. तिनं ईश्वरीला विचारलं, "तुला कशाचं भेव वाटायलंय?"

मी म्हटलं, "तिला कशाची भीती? लहानपणी विंचू पकडायची."

"आजी, मी तिला इचारलं."

माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन! ईश्वरीनं मग हळूच सांगितलं, की वेळ आली आणि आपल्याला काही समजेनासं झालं तर काय, याची भीती वाटते. बाई म्हणाली, "तुला न्हाई समजलं तर न्हाई. मी बघत असते की." झालं, एवढाच सल्ला. त्यात मला तरी काही अक्कल दिसली नाही.

दिवस भरले तसं परभणीला दवाखान्यात नेलं. सकाळची वेळ. आत एकटी धम्मशीलाबाई, आम्ही बाहेर आवारात कडुनिंबाखाली. प्रसूतीच्या खोलीच्या उंच खिडक्या त्याच बाजूला होत्या. परमेश्वर येरझाऱ्या घालत होता. अवधूतच्या पिशवीत काशाची थाळी होती.

ही थाळी माझ्या सासूबाईंची. आमच्या घरात लेकरू जन्मलं की ती वाजवायची रीत आहे. मुलगा झाला तर वाजवायची आणि मुलगी झाली तर गप्प बसायचं, असला प्रकार आमच्याकडं सासूबाईंनीच बंद केला. कुणीही जन्मो, थाळी वाजतेच. अवधूतच्या वेळी वाजली, ईश्वरीच्या वेळी वाजली. तिचा आवाज लाकडी उलथन्यानं फार सुरेख निघतो, आधी खणखणतो आणि मग बराच वेळ हवेत राहतो. आमच्या कंपनीच्या तिसऱ्या घंटेलाही असा आवाज नव्हता.

ऊन चढायला लागलं होतं. खिडकीतून रडण्याचा आवाज आला. काय आवाज होता! असा मोकळा, भरदार, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. मी मनात म्हटलं, हा माझ्यावर गेला. अवधूतनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आता असं रडणं ऐकून कुणीही मान हलवलीच असती. त्यानं थाळी काढली आणि जी वाजवली म्हणता! परमेश्वर जिलबी आणायला पळाला. फाटकावरचा माणूस धावत आला, "ओ मामा! दवाखाना हाय का लगीनघर?" आवारातले लोक हसायला लागले, दोन बायकांनी तर माझं अभिनंदनही केलं. तेवढ्यात दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या. "कोण वाजवायलंय? बंद करा आधी! ते पलीकडच्या बाईचं लेकरू रडलं. तुमच्या पेशंटचं आत बघायलेत." आणि दार लावून घेतलं.

आम्ही त्या दाराकडं बघत उभे राहिलो. पुन्हा रडणं ऐकू आलं, ते बारीक. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असं नर्सबाईंनी येऊन सांगितलं. फाटकावरच्या माणसानं अवधूतच्या हातातलं उलथनं काढून घेतलं होतं, ते त्यानं घरी निघताना परत दिलं. थाळी पिशवीत गेली.

आता मला सांगा, असा प्रसंग हातात आल्यावर तो सांगायचा नाही तर काय करायचं? ईश्वरीला घरी आणल्यापासून माणसांची रीघ लागली. सगळ्यांना मी तो सांगितला. आधी नर्सचा आवाज काढत नव्हते, मग काढायला लागले. फाटकावरच्या माणसाची चालही हळूहळू बसली. जिलबी घेऊन परतलेल्या जावयाचं तोंड करून दाखवलं की बायका पदर तोंडाला लावायच्या. आमच्या शेजारणीनं, सुलाबाईनं, तर तीनदा ऐकला. दर वेळी "दुसऱ्याच्या लेकराला थाळी!" या वाक्यावर घर हसण्यानं दणाणायचं. बऱ्याच वर्षांनी मला असे प्रेक्षक मिळाले होते.

फक्त आतल्या खोलीत हसू नव्हतं. ईश्वरी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. लेकरू मांडीवर दिलं तर पाजायची, पण त्याच्याकडं बघायची नाही. पाजून झालं की "घ्या" म्हणायची. ते रडलं तर डोक्याला बांधलेल्या फडक्यावरून दोन्ही हात कानावर दाबून धरायची. झोप नाही, भूक नाही. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं अंगात वारं शिरलं, एकीनं तर माझ्यासमोर म्हटलं की मुलगी झाली म्हणून पोरगी खट्टू झालीय. तिला मी चहासुद्धा विचारला नाही.

धम्मशीलाबाई रोज यायची. स्टूल टेकवायची, बसायची आणि थोड्या वेळानं विचारायची, "सांगणं करायचं का आज?"

ही तिची एक ठरलेली रीत आहे. बाळंतीण घरी आली, जरा सावरली, की तिनं घरच्यांना समोर बसवून आपल्या बाळंतपणाची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. मध्ये कुणी बोलायचं नाही, दुरुस्ती करायची नाही. ते झाल्याशिवाय ही बाई त्या घरचं येणं थांबवत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा हेच होतं, की एकदाचं ते सांगणं आटपावं आणि स्टूल दुसऱ्या घरी जावं. पण ईश्वरी दर वेळी म्हणायची, "सांगण्यासारखं काही नाही."

"काही नाही कसं?" मी म्हटलं. "मी सांगते की."

"तुमचं ऐकलंय मी, आजी," बाई म्हणाली. "गाडीवरून उतरायच्या आधीपून ऐकू येतं."

असं बोलणं ऐकून घेत मी त्या बाईला लाडू दिले, हे कुणीतरी कुठंतरी नोंदवलं पाहिजे.

मग गंगाखेडहून विहीणबाई आल्या, सरजाबाई. मनानं वाईट नाहीत, पण त्यांना घरात शिरल्या शिरल्या सगळं आपल्या ताब्यात घ्यायची सवय. त्यांनी स्टुलावरच्या बाईकडं बघितलं आणि मला बाजूला नेऊन विचारलं, "ह्या कुणाच्या? स्वयंपाकघरात येतात का?"

"येतात," मी म्हटलं, "आणि डबा उघडून आपल्या हातानं लाडू घेतात. तुम्हालाही घ्यायचे असतील तर तोच डबा आहे." धम्मशीलाबाईवर मी कितीही चिडेन. ते चिडणं माझं आहे, ते कुणाला उसनं द्यायचं नाही.

दोन दिवस सरजाबाईंनी सुनेचं सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. "हे बघ ईश्वरी, लेकराचे हाल मला बघवत न्हाईत. तुला जड व्हायलंय तर बारसं झालं की मी हिला गंगाखेडला नेते. वरच्या दुधावर वाढवीन. माझे दोन दीर तसेच वाढलेत."

आता पोरगी उठून बसेल, सासूला चार शब्द सुनावेल, रडेल, लेकरू छातीशी धरेल, असं मला वाटलं. मी त्या क्षणाची वाट बघत दारात उभी होते.

ईश्वरी म्हणाली, "न्या."

सरजाबाई बोलल्या होत्या पण त्यांनाही हे उत्तर नको होतं. त्या खाली बसल्या. एका धम्मशीलाबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि तेव्हा तर मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

"बघा!" मी ओरडले. "तुम्ही बसून राहा! रोज येता, रोज बसता, आणि ही माझी पोर लेकरू देऊन टाकायला निघाली! काय उपयोग तुमचा?"

तिनं मान्य केलं. त्याचाही मला राग आला. "माझं चुकलं, आजी. मला वाटलं अंगावर पाजायला येईना म्हणून गप हाय. मी दुधाकडंच बघत ऱ्हायले. उद्या डॉक्टरीणबाईकडं नेऊ."

नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईश्वरीशी एकटीशी बोलून घेतलं, मग आम्हाला सांगितलं की बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींचं होतं, हा आजार आहे, त्याला बाहेरचं बघणारा नको, झोप पाहिजे, विश्वासाचं माणूस जवळ पाहिजे, आणि पुन्हा दाखवायला आणायचं, टाळायचं नाही. परतल्यावर धम्मशीलाबाईनं माझ्या घराचा कारभार हातात घेतला. दुपारी दार बंद. पाहुण्यांना ओसरीवरूनच निरोप. लेकराचे लंगोट अवधूतनं धुवायचे. सरजाबाईंना रात्रीचं लेकरू सांभाळायला सांगितलं, म्हणजे ईश्वरीला सलग झोप मिळेल. विहीणबाईंनी निमूट ऐकलं. आणि मला काय काम, तर म्हणे, "आजी, तुमी जरा हळू बोला."

मी हळू बोलले. म्हणजे माझ्या मानानं हळू. त्याच दुपारी सुलाबाई तिच्या नणंदेला घेऊन ओसरीवर आली. नणंद परगावची, तिनं थाळीचा प्रसंग ऐकलेला नव्हता. आता माणूस एवढं ऊन खाऊन आलंय, त्याला काय नुसत्या पाण्यावर पाठवायचं? मी आवाज खाली घेऊन सांगायला लागले. फाटकावरचा माणूस आला, नर्सबाई आल्या, "दुसऱ्याच्या लेकराला थाळी" झालं, आणि नणंद हसता हसता खांबाला टेकली.

आतून धम्मशीलाबाई बाहेर आली. तिला उठलेली मी क्वचितच बघितलेली.

"आजी, थाळीचं आता कुणाला सांगू नका."

"का? लोक हसतात, चार घटका बरं वाटतं त्यांना."

"लोक हसत्यात. ती आत कान झाकती."

"लेकरू रडतं म्हणून झाकते."

"लेकरू झोपलंय."

नणंदेनं हसणं गिळलं. सुलाबाई उठली आणि तिला घेऊन गेली. मी मात्र भांडले. म्हटलं, माझ्या प्रयोगात आजवर कुणी असं मध्येच येऊन दिवे घालवले नव्हते. त्यात कुणाची निंदा आहे का? हसलो तर आम्ही स्वतःलाच हसलो! बाई ऐकून घेत उभी राहिली. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या दुपारी सगळे बसा. ती सांगंल असं वाटायलंय मला."

परवावर बारसं आलं होतं. पाळणा ओसरीत टांगून तयार होता, आणि सरजाबाईंनी गंगाखेडला न्यायचं म्हणून बाळाचे कपडे एका पिशवीत घडी करून ठेवले होते. ती पिशवी दाराशी होती. येता-जाता पाय अडखळायचा, तरी ती उचलून ठेवायचं धाडस कुणी करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. अवधूत, सरजाबाई, मी. परमेश्वरला धम्मशीलाबाईनं कारखान्यातून रजा घ्यायला लावून बोलावून घेतलं होतं. ईश्वरी खाटेवर भिंतीला टेकून बसली. लेकरू पलीकडं झोळीत होतं. धम्मशीलाबाईनं तिला म्हटलं, "घरातून निघाल्यापून सांग." आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "कुणी मधी बोलायचं न्हाई." हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती.

पोरीनं सांगायला सुरुवात केली. सांगायची पद्धत अगदी वाईट. एकाच पट्टीत, खाली बघत, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच वजनानं. गाडीत पंखा बंद होता. दवाखान्याची चादर हिरवी होती. काकूंनी कमरेला हात लावून धरला तेव्हा बरं वाटायचं. माझ्या जिभेवर शब्द येत होते, मी ते गिळत होते.

"मग ती बाहेर आली," ईश्वरी म्हणाली. "मला कळलं, आली. पण ती रडली नाही. मी काकूंना विचारलं, रडत का नाही? काकू म्हणाल्या, डॉक्टर बघतायत, माझा हात धर. पलीकडच्या बाईचं लेकरू रडत होतं. आणि बाहेर थाळी वाजायला लागली."

अवधूतनं मान खाली घातली.

"आपली थाळी. लहानपणी मी ती वाजवत बसायची, मला आवाज ओळखू आला ना. मला वाटलं, बाबांना माहीतच नाही. इथं माझं लेकरू गेलंय आणि बाबा बाहेर आनंदानं थाळी वाजवतायत. आता यांना कोण सांगणार? मीच सांगायचं का? ती थांबेचना. मग ती बंद झाली, आणि मग कुणीतरी एक रडणारं लेकरू आणून माझ्या अंगावर ठेवलं. म्हणाले, ही तुझी. मला वाटलं, माझं तर गप्प होतं. ज्याची थाळी वाजली तेच लेकरू रडत होतं. हे त्यांचं असेल. मला वाईट वाटू नये म्हणून दिलं असेल. मला माहीत होतं असं कुणी करत नाही. तरी वाटत राहिलं. घरी आले तर रोज थाळी वाजायची. आजी सांगायची आणि सगळे हसायचे. मी वाट बघायची, की ज्यांचं आहे ते येऊन घेऊन जातील. सासूबाई नेते म्हणाल्या तेव्हा वाटलं, बरं झालं."

मला काहीतरी बोलायचं होतं. काय ते ठाऊक नव्हतं, पण अशी शांतता पडली की कुणीतरी पुढचं वाक्य घ्यायचं असतं, हे माझ्या हाडात भरलेलं आहे. मी तोंड उघडलं. धम्मशीलाबाईनं स्टुलावरून न उठता हात लांबवून माझ्या गुडघ्यावर ठेवला, चांगला दाबून. मी तोंड मिटलं.

मग तीच बोलली. "ईश्वरी, इकडं बघ. मी तितंच व्हते. हीच आली. नाळ कापली, बाजूच्या टेबलावर नेली, पुसली, नळीनं नाक-तोंड साफ केलं, रडली, उचलून तुझ्यावर ठेवली. तवर माझी नजर हालली न्हाई. पलीकडचं लेकरू त्याच्या मायपाशीच व्हतं, इकडं आलंच न्हाई."

"खरं?"

"मग दुसरं काय केलं मी तितं? बघतच तर बसले व्हते."

ईश्वरी तिच्याकडं बघत राहिली. मग ती झोळीकडं बघायला लागली. आणि म्हणाली, "मग हिची थाळी वाजलीच नाही."

"न्हाई," बाई म्हणाली.

"बाबा, थाळी आणा."

अवधूत उठला, पण त्याला धड दार सापडेना. सरजाबाईंनीच स्वयंपाकघरातून थाळी आणि उलथनं आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं उलथन्याचं टोक हळूच टेकवल्यासारखं वाजवलं.

"तेव्हा इतक्या हळू वाजवली होती का?" ईश्वरी म्हणाली.

मग त्यानं वाजवली. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तो वाजवत होता. झोळीतलं लेकरू दचकलं आणि असं रडायला लागलं, की दवाखान्यातलं ते पलीकडचं पोर याच्यापुढं काहीच नव्हतं. सरजाबाई झोळीकडं धावल्या. धम्मशीलाबाईनं त्यांचा पदर धरला. ईश्वरी खाटेवरून उतरली, झोळीपाशी गेली आणि तिनं आपल्या हातानं पोरीला वर काढलं. अवधूतला थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं, तो वाजवतच होता. शेवटी तीच ओरडली, "बास की बाबा! घाबरली ना ती!"

एका थाळीनं सगळं सरळ झालं असं मी सांगणार नाही, नाटकात तसं होतं. डॉक्टरीणबाईंकडं त्यानंतरही जावं लागलं. काही दिवस बरे गेले, काही दिवस पुन्हा भिंतीकडं तोंड. पण ती पिशवी दाराशी राहिली नाही. बारशाच्या सकाळी सरजाबाईंनी स्वतः ती उघडली आणि कपडे फडताळात परत लावले. मला म्हणाल्या, "खामखा सुरकुत्या पडल्या." बाळाचं नाव ठेवताना ईश्वरीनं ते तिच्या कानात सांगितलं आणि मग बराच वेळ तिथंच वाकून राहिली, आत्याचा मान वगैरे सगळं बाजूला सारून. धम्मशीलाबाई पाळण्याची गाणी संपायच्या आतच निघाली. पाथरीच्या कुणाला कळा सुरू झाल्याचा फोन आला होता. सिद्धोधन गाडी चालू करून उभा होता. जाताना तिनं लाडवांचा आख्खा डबाच उचलला. मी म्हटलं, "निदान विचारायचं तरी!" ती म्हणाली, "इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणल्या असत्या का?" उत्तर देईपर्यंत गाडी वळली.

परवा सुलाबाई पुन्हा आली, बरोबर दोन नव्या बायका. "अनसूयाबाई, ह्यांना ती थाळीची गंमत ऐकायचीय. नर्सबाईसकट सांगा."

मी पदर खोचला होता, तेवढ्यात आतून आवाज आला. "आजी, थांब. मी सांगते."

ईश्वरी लेकरू घेऊन ओसरीवर आली आणि खाली बसून सांगायला लागली. गाडीत पंखा बंद होता. चादर हिरवी होती. कुठं थांबायचं ते कळत नाही, कुणाचा आवाज काढत नाही, फाटकावरच्या माणसाला तर तिनं एका वाक्यात निकालात काढलं. थाळीपाशी आली तेव्हा त्या दोघी गंमत ऐकायला आल्या होत्या म्हणून हसल्या, आणि तिचा चेहरा बघून थांबल्या. सुलाबाई माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी करीन या आशेनं.

मी ईश्वरीकडं बोट दाखवलं, की तिकडं बघ.